करवंद नाक्यावरचा शेवटचा उचिहा

शिरपुरात सध्या उचिहा कुळाची लोकसंख्या झपाट्याने वाढते आहे. ज्यांना हे कुळ ठाऊक नाही त्यांनी जात पडताळणी समितीकडे चौकशी करू नये, तिथे नोंद सापडणार नाही. मासाशी किशिमोतो या जपानी गृहस्थाने १९९९ मध्ये ‘नारुतो’ नावाची चित्रकथा सुरू केली आणि २०१४ पर्यंत चालवली. तिच्यात हे एक तालेवार निंजा घराणं आहे. घराण्याच्याच इताची नावाच्या पोराने एका रात्रीत सगळ्यांचा निकाल लावला, मागे ठेवला तो धाकटा भाऊ सासुके. पुढे कथानकाची गरज म्हणून आणखी एकदोन जण जिवंत निघाले, ते सोडा. कुळ बुडालं हे नक्की. तरी जगभरच्या शाळकरी वह्यांमधून या कुळाचे ‘वाचलेले’ वारस रोज जन्माला येतात. कोणी सासुकेची हरवलेली बहीण, कोणी आत्याचा मुलगा, कोणी दत्तक गेलेला. माझ्या भाच्याने काढलेला वारस करवंद नाक्याजवळच्या त्याच्या घरात, भूमितीच्या वहीच्या मागच्या पानांवर मुक्कामाला आहे.

या प्रकाराला पोरं ‘ओसी’ म्हणतात, म्हणजे ओरिजिनल कॅरेक्टर. आवडत्या ॲनिमेचं, म्हणजे जपानी कार्टूनचं, जग जसंच्या तसं घ्यायचं आणि त्यात आपल्या पदरचा एक माणूस सोडून द्यायचा. नाव, वय, कुळ, पॉवर, बॅकस्टोरी, आवडता पदार्थ, सगळं एका पानावर. २०२२ मध्ये सोनी यायवर नारुतो हिंदी बोलू लागला, तेव्हापासून आमच्याकडे या उद्योगाला बरकत आली. शिकवणीच्या वर्गात मागच्या बाकावर जी शांतता असते ती अभ्यासाची नसते. तिथे कोणीतरी आपल्या पात्राच्या डोळ्यात शारिंगन, म्हणजे उचिहांची जादुई नजर, भरत असतो.

भाच्याचा ओसी मी नीट पाहिला. केस रुपेरी. त्यातले अर्धे एका डोळ्यावर. वय सोळा. आईवडील मेलेले, तेही त्याच्या डोळ्यांदेखत. बोलतो कमी, हसत नाही. नारुतोच्या कथेत शेपटीवाली नऊ अजस्र जनावरं आहेत, एका शेपटीपासून नऊ शेपट्यांपर्यंत, आणि नऊच्या नऊ कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला गेलेली आहेत. भाच्याने अकरा शेपट्यांचं जनावर मंजूर करून घेतलं. कोणाकडून, ते विचारू नये. कमजोरीच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘नाही’.

हे पान मी माझ्या आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा पुसत एवढंच विचारलं, “माय नही, बाप नही, मंग पोऱ्या जेवस कथा?”

ॲनिमेवर आजवर झालेली ही सगळ्यात अवघड टीका असावी. भाचा निरुत्तर झाला. कारण खान्देशात अनाथ, अबोल, एकटा भटकणारा नायक टिकणंच कठीण आहे. तो धुक्यातून चालत आला, की पारावरचा पहिला म्हातारा हाक मारणार, “कोना पोऱ्या शे रे तू?” मग आजोळ निघणार, एक मावशी निघणार, तिचे दीर बोराडीला निघणार, आणि सूडाच्या प्रवासाला निघालेला आपला वीर संध्याकाळी कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खात ओट्यावर बसलेला असणार. सूड उद्या घेता येतो.

पण भाच्याला एकट्याला का धरावं? या दुखण्याचं नाव बावन्न वर्षांहून जुनं आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत पॉला स्मिथ नावाच्या बाईने ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांसाठी निघणाऱ्या एका हौशी अंकात छोटी टवाळकथा लिहिली. नायिका लेफ्टनंट मेरी सू, वय साडेपंधरा, सगळ्या ताफ्यात सगळ्यात तरुण अधिकारी. कॅप्टन तिच्यावर भाळतो. सगळे आजारी पडतात तेव्हा ती एकटी यान चालवते, म्हणून तिला नोबेल शांतता पारितोषिकही मिळतं. शेवटी ती मरते आणि तिचा वाढदिवस यानावर राष्ट्रीय सुट्टी म्हणून पाळला जाऊ लागतो. चाहते जी पात्रं गंभीरपणे लिहून पाठवत होते त्यांची ही नक्कल होती. तेव्हापासून असल्या बिनदोष, सर्वगुणसंपन्न पात्राला जगभर ‘मेरी सू’ म्हणतात.

वाढदिवसाची सुट्टी वाचताना तुम्हाला काही आठवलं का? मला आठवलं. मी मान वर केली तर चौकात वीस बाय तीसचा फ्लेक्स लागला होता.

फ्लेक्स हा आमच्याकडचा प्रौढांचा ओसी. रचना बारकाईने पाहा, भाच्याच्या पानात आणि त्यात फरक सापडत नाही. मधोमध वीर उभा, डोळ्यांवर गॉगल, म्हणजे डोळा झाकण्याची अट पूर्ण. अंगातून किरणं निघताहेत, याला पोरं ‘ऑरा’ म्हणतात. मागे वाघ किंवा सिंह, म्हणजे शेपटीवाल्या जनावराचीही सोय झाली. नावाच्या आधी पॉवर लिहिलेल्या: धडाडीचे, कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान. खाली बोटाच्या पेराएवढ्या फोटोंमध्ये अख्खं कुळ, त्यातले निम्मे अजून जिवंत असून नाक्यावर चहा पीत आहेत. पद: भावी. बॅकस्टोरी: शून्यातून विश्व. शून्य आम्ही पाहिलेलं आहे, विश्व अजून यायचं आहे. कमजोरी छापण्याची फ्लेक्सवर पद्धत नाही.

लग्नाचा बायोडेटा हा त्याचाच घरगुती भाऊ. ‘मुलगा निर्व्यसनी, मनमिळाऊ, स्वतःचा फ्लॅट.’ उंचीत दोन इंचांची भर घालणाऱ्या बापाने पोराच्या अकराव्या शेपटीवर हरकत घेऊ नये. पोराला आपण हे पात्र रचलंय याची पूर्ण जाणीव असते, इतकाच काय तो फरक, आणि तो पोराच्या बाजूचा आहे.

दुसऱ्याच्या कथेत आपला माणूस घुसवणं हे काही जपानने शिकवलेलं नाही. टोकियोत २१ डिसेंबर १९७५ ला कॉमिक मार्केट नावाचा चाहत्यांचा बाजार पहिल्यांदा भरला तेव्हा बत्तीस गट आणि साताठशे माणसं होती. आज तिथे लाखांनी गर्दी लोटते, आणि आवडत्या पात्रांवर स्वतः रचलेल्या कथांच्या वह्या विकत घ्यायला माणसं पहाटेपासून रांगेत उभी राहतात. त्यांना त्यांचा इतिहास लखलाभ. आमच्याकडे हा बाजार देवळाच्या सभामंडपात कैक शतकं आधी भरत होता.

अभिमन्यूची बायको कोण? आजीच्या वयाचा कोणीही ‘वत्सला’ म्हणेल. बलरामाची मुलगी, दुर्योधनाच्या लक्ष्मणाला देऊ केलेली, घटोत्कचाने मायावी रूप घेऊन मांडवात गोंधळ घातला आणि लग्न अभिमन्यूशी लावून दिलं. बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये यावर ‘वत्सलाहरण’ हा मूकपट काढला. आता व्यासांचं महाभारत उघडा. वत्सला नाही. तिथे अभिमन्यूचं लग्न उत्तरेशी होतं आणि विषय संपतो. वत्सला हे कोणा अनाम चाहत्याने रचलेलं पात्र आहे, आणि ते इतकं जमलं की खुद्द घटोत्कचाची सगळ्यात लोकप्रिय करामत तिच्याच लग्नातली ठरली. इंद्रजिताची बायको सुलोचना हीही तशीच. वाल्मीकींना तिची खबर नव्हती. हनुमानाचा मुलगा मकरध्वज, पाताळातला महिरावण, सगळे नंतर आलेले.

आता यांची कारागिरी पाहा, कारण पोरांनी चोरायची गोष्ट ती आहे. वत्सला आली म्हणून अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर पडला नाही. सुलोचना आली तरी इंद्रजित मेलाच. रचणाऱ्याच्या हातात लेखणी होती, वाचवायला कोण अडवत होतं? पण त्याने मूळ कथेच्या निकालाला हात लावला नाही. रिकाम्या जागेत माणूस बसवला, इतका नेमका की निकाल जास्त जिव्हारी लागावा. चक्रव्यूहात शिरणाऱ्या पोराचं नुकतंच केवढ्या खटपटीने लग्न लावलंय हे माहीत असलं, की तो प्रसंग ऐकताना श्रोत्याचा घास अडकतो. आमच्या भाच्याचा वीर पहिल्याच पानावर इताचीला अडवतो, कत्तल टाळतो आणि सासुकेला घरी जेवायला घेऊन जातो. मग किशिमोतोने पंधरा वर्षं लिहायचं काय?

जपान्यांचंही सगळं जमतं असं नाही. १९८९ मध्ये निप्पॉन ॲनिमेशनने ‘जंगल बुक’ केलं. आपल्याकडे ते १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलं, गुलजारांचं गीत, विशाल भारद्वाजचं संगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. ज्यांचं बालपण त्या सुमारास शिरपुरात गेलं त्यांना तेव्हा कोणी ‘तुम्ही ॲनिमे बघताय’ असं सांगितलं नव्हतं, नाहीतर त्याही वेळी घरात भांडणं झाली असती. तर त्या मालिकेत मोगलीच्या खांद्यावर किची नावाचा एक लाल पांडा बसलेला असे. किपलिंगच्या पुस्तकात तो नाही, पदरचा घातलेला. गोड होता, तक्रार नाही. पण किपलिंगचं जंगल सिवनीचं, म्हणजे सातपुड्यातलं. तोच सातपुडा जो आमच्या गच्चीवरून उत्तरेला दिसतो. लाल पांडा हा हिमालयातला प्राणी. आमच्या मे महिन्यात तो पळासनेरपर्यंतसुद्धा जिवंत पोहोचला नसता. थोडक्यात, गृहपाठ न करता पात्र घुसवण्याचा दोष एकट्या दहावीच्या पोरांचा नाही. त्यांनी सातपुड्यात पांडा सोडला, आमच्यांनी नारुतोच्या कोनोहा गावात अकरा शेपट्या सोडल्या. हिशेब बरोबर झाला.

‘डीमन स्लेअर’चं वेड नंतरचं, पण शिकायचं असेल तर ते जास्त कामाचं. कोयोहारू गोतोगेची ही चित्रकथा २०१६ ते २०२० एवढीच चालली. त्यात तलवारबाजांचे ‘श्वास’ आहेत: पाण्याचा, ज्वालेचा, विजेचा. पोरं आपापल्या ओसीला नवा श्वास देतात, गेल्या उन्हाळ्यात मी ‘ब्लॅक होल श्वास’ पाहिला. मूळ कथेतला झेनित्सु मात्र बघा. विजेच्या श्वासाचे सहा प्रकार, त्याला येतो एकच. घाबरतो, रडतो, बेशुद्ध पडतो आणि झोपेत लढतो. लोकांचा जीव त्याच्यावर. पाण्याच्या श्वासाचे प्रकार दहा, त्याच कथेतला गियू तोमिओका स्वतःच्या अकलेने अकरावा शोधतो. पण आधीचे दहा घोटल्यावर.

याचं उदाहरण शिरपूरकरांना जपानहून मागवायला नको. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे दहा प्रकार सगळा महाराष्ट्र घोटत होता. सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकांनी आमच्या तालुक्यात नाले रुंद केले आणि तापीकाठच्या गाळाचा पाणी न मुरू देणारा चिकण थर फोडून खाली वाळूपर्यंत नेले, वर बिनदरवाजांचे सिमेंट बंधारे घातले. पाणी उतरलं, विहिरी भरल्या. ‘शिरपूर पॅटर्न’ हा आमचा अकरावा प्रकार. त्यांच्या अंगातून किरणं निघत असल्याचं मात्र कोणी पाहिलेलं नाही.

कमजोरीसकट पात्र रचण्याची अक्कल मालेगावच्या माणसांना पोरांच्या आधी आली. धुळ्याहून तासाभराच्या वाटेवर, यंत्रमागांच्या खडखडाटात, नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. गब्बरसिंगचा रबरसिंग झाला, बसंतीची बासमती. (अंगाने रबर असलेला ‘वन पीस’चा लुफी जपानमध्ये १९९७ पासून हिंडतोय, पण आमच्या रबरसिंगवर त्याने हक्क सांगू नये.) मग ‘मालेगाव का सुपरमॅन’. हिरव्या कापडापुढे उडणारा हा सुपरमॅन शफीक नावाचा काडीपैलवान यंत्रमाग कामगार होता. फैजा अहमद खान यांनी त्या खटाटोपावर २००८ मध्ये माहितीपट केला, तो देशोदेशी गेला. अमेरिकेच्या सुपरमॅनला क्रिप्टोनाइट नावाची कमजोरी मुद्दाम रचून द्यावी लागली. आमच्याची कमजोरी अंगावरच दिसत होती, म्हणून तो उडाला की लोक श्वास रोखून बघत: पडतो की काय! मी आजवर पाहिलेला सगळ्यात चांगला ओसी हाच.

आता वाचक म्हणतील, लेखकराव, शेवटी पोरांना जपान सोडून गावचं काहीतरी लिहा असा उपदेश करणार ना? केला. त्याचं काय झालं तेही सांगतो.

भाच्याला थाळनेरला नेलं. म्हटलं, तुझ्या निंजांचं गाव लपलेलं आहे, आपलं नकाशावर असूनही कोणी बघत नाही. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला हा मुलूख दिला, त्याने तापीकाठी थाळनेरला राजधानी केली, खान्देशचं फारुकी घराणं इथून, आपल्या तालुक्यातून उठलं. कबरी अजून उभ्या आहेत, त्यावरचं नक्षीकाम बघ. तो मोबाइल बघत होता. मग किल्ल्याचा ढासळलेला बुरूज दाखवला. म्हटलं, हा होळकरांचा किल्ला, १८१८ च्या जानेवारीत तहाने इंग्रजांना गेला. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉप ताबा घ्यायला आला. दरवाजात गडबड झाली, इंग्रजांचे अधिकारी पडले. चिडलेल्या फौजेने आतली सुमारे तीनशे माणसं कापली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फासावर दिलं. लंडनच्या पार्लमेंटातसुद्धा त्याबद्दल हिस्लॉपला जाब विचारणारे निघाले.

“परीक्षेले येस का?” भाचा म्हणाला.

“नाही.”

तो जरा वेळ गप्प. मोबाइल खिशात गेला. “एका दिवसात सगळे? उचिहांसारखे?”

“तसेच.”

“मग त्यातला एक वाचला असेल.”

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. येताना त्याला लता मंगेशकरांच्या आईचं माहेर हेच थाळनेर, म्हणजे लताबाई आमच्या तालुक्याची नात, हेही सांगितलं. तुझ्या ‘डीमन स्लेअर’मध्ये नादश्वासाचा वीर आहे ना, आमच्या नातीने ती विद्या सात दशकं चालवली आणि तलवार एकदाही काढली नाही. त्याला हे पटलेलं दिसलं. घरी गेल्यावर वही उघडली गेली.

आठवड्याने पान बघायला मिळालं. थाळनेरच्या किल्ल्यातला शेवटचा पोरगा, वय सोळा, तुळशीराम मामांचा भाचा (हे नातं रचताना मला विचारलं नव्हतं, पण आनंद झाला). हातात तलवार, पाठीशी तापी, अंगात गाण्याचा श्वास. हिस्लॉपच्या तंबूपर्यंत जातो, पण किल्ला वाचत नाही. निकाल तसाच ठेवला होता. कमजोरीच्या रकान्यात पहिल्यांदाच काही लिहिलं होतं: ‘पोहता येत नाही, शेवभाजी दिसली की थांबतो.’ केस मात्र रुपेरीच. “मामा, तेवढं तुमले समजाव नही,” असं उत्तर मिळालं. १८१८ सालच्या शिरपूर तालुक्यात सोळा वर्षांच्या पोराचे केस रुपेरी का, यावर पुढचा भाग येणार आहे म्हणे. आईने पान पाहून पुन्हा विचारलं, जेवतो कुठे. भाच्याने बोट ठेवून दाखवलं: आजोळी.

मधल्या काळात प्रौढांनी काय केलं? मार्च २०२५ मध्ये संगणकाला फोटो देऊन जपानी स्टुडिओ घिबलीच्या धाटणीचं चित्र काढून घ्यायची लाट आली. आमच्या व्हॉट्सॲप गटातले झाडून सगळे काका, सराफ, सरपंच आणि निवृत्त तलाठी एका रात्रीत गुलाबी गालांचे झाले. हायाओ मियाझाकी आणि त्यांच्या माणसांनी हाताने चित्रं काढण्यात आयुष्यं घातली, आमच्यांना अर्धं मिनिट लागलं. पोट सपाट झालं, टक्कल भरून आलं, मागे हिरवी टेकडी आली. हेच लोक पोराच्या वहीतलं चित्र पाहून ‘वेळ वाया घालवतो’ म्हणतात. त्याने निदान खोडरबर झिजवलं होतं.

तेव्हा पालकांना एक विनंती. वही सापडली तर फाडू नका, आधी कमजोरीचा रकाना वाचा. तिथे काही लिहिलेलं असेल तर पोराला माणूस कळू लागला आहे, मराठीच्या पेपरात चार गुण इकडेतिकडे झाले तरी चालतील. रकाना कोरा असेल तर पोराला आजीकडे पाठवा. आणि पुढचा वाढदिवस जवळ आलेल्या सर्व भावी मान्यवरांनाही विनंती आहे: यंदाच्या फ्लेक्सवर तो रकाना छापून घ्या. जागा अपुरी पडत असेल तर नावाआधीची दोन विशेषणं काढा, आणि तरीही पुरत नसेल तर वाघ काढा.